आठ पावलं

मंगळवार, नाशिक

आज फार थकले आहे, पण भाऊसाहेबांची ती आठ पावलं डोक्यातून जात नाहीत.

येवल्याचे पैठणी विणणारे. मेंदू हळूहळू झिजत जाण्याचा हा दुर्मिळ आजार, त्यात हातमाग कधीच सुटला. आमच्या हॉस्पिटलात त्यावरच्या नव्या औषधाची पहिलीच चाचणी सुरू होतेय, आणि पेशंट तपासून घेणं माझ्याकडे. बाकी सगळं जमलं, एक अट आडवी आली. आधाराशिवाय दहा पावलं चालता आलं पाहिजे. आठव्याला ते कलंडले, मी धरलं. थोडं बसवून पुन्हा चालवलं. पुन्हा आठच.

त्यांच्या बायको, मंगलताई, जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, दहा लिवा ना. दोनच तर कमी पडली. कोन बघतंय?"

खरंच, कोण बघत होतं? पेन धरून मी नुसती बसले. पण त्यांचं शरीर इतकं थकलेलं, औषध झेपलं नाही तर?

तेवढ्यात भाऊसाहेबच अडखळत बोलले, "आठच झाली. मी मोजत व्हतो."

आठ लिहिलं. निवड होणार नाही, हेही सांगितलं. मंगलताईंनी भाऊसाहेबांच्या पायात चपला चढवल्या. रिक्षात बसताना विचारलं, "पुढच्या टायमाला घ्याल ना?"

मी "हो" म्हणाले. का म्हणाले? हा आजार मागे फिरत नाही. पुढच्या वेळी सहासुद्धा व्हायची नाहीत.

उद्या फोन करून खरं सांगायचं. कुठल्या शब्दांत, ते अजून सुचत नाही.