क्योहेईचा वाटा

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा! बसमधून उतरलो तर ओनोदेराकाका स्वतः थांब्यावर हजर. सत्तरीचा बुटका माणूस, पण मनगटं माझ्या पोटरीएवढी. सेन्दाई शहरात मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे वाकून वाकून माझी पाठ गेली होती. 'अस्वलाची शिकार शिकायला तरुण हवेत' ही या गावाची जाहिरात दिसली आणि मी दुसऱ्याच दिवशी नोकरीला रामराम ठोकला. इथे चारच शिकारी उरलेत, आणि काका त्यांचे म्होरके. त्यांनी माझा तळवा दाबून पाहिला नि म्हणाले, "टोफू आहे रे नुसता! असू दे, करू घट्ट."

राहायला त्यांच्याच घरातली वरची खोली, मुलाची. क्योहेई त्याचं नाव. तो कुठे असतो म्हणून विचारलं, तर किनुएकाकू म्हणाल्या, डोंगरात. जंगलखात्यात असावा. मला थंडी वाजतेय हे पाहून काकूंनी त्याचा स्वेटर दिला. गडद निळा, त्यांनीच विणलेला. अशा रंगाचे दोन आहेत म्हणाल्या, एक तो घालून गेलाय. मापात अगदी बरोबर बसला!

६ नोव्हेंबर
दिवसभर डोंगर. पाय मोडून आलेत, पण मन कसं हलकं झालंय. इथली डोंगराची देवी दिसायला कुरूप आणि भारी हेकट. म्हणून काका कमरेला एक वाळलेला मासा बांधतात, तिच्याहून कुरूप. तो पाहिला की ती खूश होते म्हणे. ताकेउचीकाका साठीचे, म्हणजे टोळीतले सगळ्यात तरुण. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता मासा कशाला? हा सेगावा आलाय की!" सगळे खो खो हसले. मीही.

उतरताना ओनोदेराकाका एकटेच माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, गावातली पोरं टोकियोला गेली, परत कुणी येत नाही. कुठल्या घळीत अस्वल झोपतं हे बापाने मुलाला सांगायचं असतं, कागदावर ते उतरत नाही. त्यांच्या घरात सात पिढ्या हे चालत आलं. "ते माझ्या हातून तुटणार नाही," म्हणाले. बोलताना माझ्याकडे नाही, माझ्या स्वेटरकडे पाहत होते.

९ नोव्हेंबर
आज अस्वल पडलं. मी खालून हाकारा घालत होतो, गोळी ताकेउचीकाकांची.

कातडं काढेपर्यंत मी ठीक होतो. मग आतलं अंग उघडं पडलं. माणूसच. खांदे माणसाचे, मांड्या माणसाच्या, तळपायसुद्धा. चरबी पिवळट, कोमट. हातावरून ओघळून कोपरापर्यंत गेली. रिवाजाप्रमाणे कातडं उलटसुलट करून, म्हणजे डोक्याची बाजू शेपटीकडे अशी, अंगावर पांघरलं आणि काकांनी मंत्र म्हटला. मग पोट फाडलं. आंबलेल्या रानबियांचा आणि सडक्या मांसाचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या लगद्यात लोकरीचा एक गोळा होता. गडद निळा.

काकांनी तो उचलला, मुठीत पिळला, खिशात घातला. ताकेउचीकाका झाडामागे जाऊन भडाभडा ओकले. जन्मभर अस्वलं फाडलेला माणूस!

मांसाचे सारखे वाटे होतात, गोळी घालणाऱ्यालाही जास्त नाही. आज एक वाटा जादा पडला. हा क्योहेईचा, असं म्हणत काकांनी तो माझ्या पिशवीत टाकला. रात्री काकूंनी मुळा आणि मिसो, ते आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, घालून रस्सा केला. लोकर कुठेतरी काटेरी झुडपात अडकलेली असेल, अस्वलं काय वाट्टेल ते गिळतात, अशी मी मनाची समजूत घातली. दोन वाडगे खाल्ले. तिसरा मागून घेतला.

११ नोव्हेंबर
ताकेउचीकाका परसात भेटले. मी विचारलं. त्यांनी इकडेतिकडे पाहून सांगितलं: क्योहेई गेल्या महिन्यात अळंब्या आणायला वर गेला. टोपली तेवढी सापडली.

"माणूस खाल्लेलं अस्वल खायचं नसतं, पोरा. पुरून टाकायचं. आम्ही तिघांनी आपापले वाटे पुरले." मग घाबरत घाबरत, "तू नाही ना खाल्लंस?"

मी धावत जाऊन घशात बोटं घातली. काहीच बाहेर आलं नाही, नुसती तेलकट लाळ.

काकांना जाब विचारला. ते सुरीला धार लावत होते, हात थांबला नाही. म्हणाले, "बापाने मला दिलं, मी क्योहेईला दिलं. घळी, वाटा, सगळं दिलं. ते काय जनावराच्या पोटात सडू देऊ? तू शिकायलाच आलायस ना?"

काकू तोंडाला रुमाल लावून रडतील असं वाटलं होतं. त्या मुळा चिरत होत्या.

१२ नोव्हेंबर
बर्फ. बस बंद. रस्ता मोकळा झाला की निघणार, सामान बांधून ठेवलंय. आज फक्त भात खाल्ला. माती चावल्यासारखा लागला. अंगाला वास येतोय, तोच, चरबीचा. गरम पाण्याने घासघासून कातडी सोलली तरी जात नाही.

१४ नोव्हेंबर
सांगायलाही लाज वाटते. मिठात घातलेल्या मांसाची बरणी स्वयंपाकघराच्या फळीवर आहे. मी कच्चंच— बोटांनी— दिवसाढवळ्या, उकिडवा बसून. काकू दारात उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. लहानपणापासून असाच हावरट, म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर
काकांनी समोरच्या उताराकडे बोट दाखवून विचारलं, तिथे अस्वल कुठे झोपतं? मी सांगितलं. दुभंगलेल्या देवदाराखाली, उत्तरेकडच्या पोकळीत. बरोबर निघालं.

मला हे कुणी सांगितलेलं नाही. कुणीच नाही.

काका रडले. माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले. तो हात मला झटकून टाकावासा वाटला— आणि वाटलाही नाही—

१७ नोव्हेंबर
बस सुरू झाली. सकाळीच पिशवी घेऊन निघालो. थांबा खाली आहे. पाय वर निघाले. मी त्यांना शिव्या घातल्या, झाडाला मिठी मारून उभा राहिलो, तरी—

ओढ्याच्या वळणावर पडलेला ओंडका. त्यावर अळंब्या, गोठलेल्या. मी इथे वाकलो होतो. मागून फांदी मोडल्याचा आवाज. बाबाच असतील म्हणून वळलो नाही.

पाठीवर वजन. तोंडाचा वास, आंबलेल्या बियांचा. आधी खांदा. मग पोट. बराच वेळ मी जिवंत होतो. ते चावताना घशातून आवाज काढत होतं, तृप्त. त्या दिवशी बरणीपाशी मीही तसाच—

संध्याकाळ
काकांनी शोधून घरी आणलं. ती खालून हाक मारतेय, क्योहेई, पान वाढलंय. मी ओरडून सांगणार होतो, मी सेगावा, सेगावा, माझं नाव— पुढचं नाव आठवत नाहीये.

रस्स्याचा वास वर आलाय. तोंडाला पाणी सुटलंय. माझंच मांस आहे ते, शी, माझंच, आणि मला इतकी भूक— आलो, आई, आल