'किंवा'च्या पोटातली भट्टी

६ ऑक्टोबर, सोमवार

आज सरांनी मला झाड दिलं. पगारवाढ नाही, बोनस नाही — झाड!

म्हणजे असं. मिहानच्या औद्योगिक पट्ट्यातली आमची कंपनी यंत्रं चालवणारे डबे बनवते. राइस मिलमध्ये ओला धान वाळवायचं एक धिप्पाड यंत्र असतं — खाली भट्टी, मागे पंखा — त्याला आमचा डबा जोडतात. डब्यात एक शेल. शेल म्हणजे काळा पडदा. त्याच्यावर माणूस आज्ञा लिहितो अन् मशीन निमूट ऐकते. माझं कोणी निमूट ऐकावं अशी जगातली ही एकच जागा.

शेल आमच्या चंद्रभान सरांनी स्वतः लिहिलेला. सर बंगलोरहून परत आलेले. केस तिकडेच राहिले.

"प्रीती, आज्ञा वाचून तिचं झाड करणारा भाग तुझ्याकडे. टेस्ट लिही. कोडला हात लावू नको." बरं! म्हणजे पंगतीत बस, पण जेवू नको.

७ ऑक्टोबर

दिवसभर सरांचा कोड वाचला. मान गेली. पण गंमत आहे बुवा.

शेलला ओळ दिली की तो ती सरळ चालवत नाही. आधी शब्द सुटे करतो, मग त्यांचं झाड रचतो. तेही उलटं — मूळ वर, पानं खाली. कॉम्प्युटरवाल्यांनी खरं झाड कधी पाहिलंच नसावं. पानांवर साध्या आज्ञा: पंखा लाव, भट्टी लाव. त्यांच्या वर गाठी, म्हणजे नोड. 'आणि'ची गाठ म्हणते, डावं काम जमलं तरच उजवं करा. 'किंवा'ची गाठ म्हणते, डावं जमलं ना? मग उजव्याकडे बघूही नका; फसलं तरच जा. पाइपची गाठ डाव्याचं बोलणं उजव्याच्या कानात ओतते — ही आमच्या गल्लीत बऱ्याच घरी आहे.

वरच्या गाठी स्वतः काडीचं काम करत नाहीत. खालच्यांना पळवतात अन् वर कळवतात: झालं, नाही झालं. हा तर आमच्या ऑफिसचा नकाशा!

प्रत्येक गाठीत पहिली गोष्ट लिहिलेली असते ती कोणत्या प्रकारची आहे. मीटिंगमध्ये सर म्हणाले, "आधी नोडची जात बघायची, मग पुढचं बोलायचं." मी म्हटलं, सर, प्रकार म्हणा. सर पाणी प्यायले.

९ ऑक्टोबर

टेस्ट लिहिल्या. सगळ्या पास. सर खूश. मी नाही. सगळ्या पास झाल्या म्हणजे मीच बावळट टेस्ट लिहिल्या असणार.

१३ ऑक्टोबर

रामटेकच्या मिलचे मालक वामनराव — त्यांचा फोन. सरांनी स्पीकरवर टाकला. गरज नव्हती, रामटेकहून तसाच ऐकू आला असता. धान वाळलाच नाही. ढीग आतून तापला, वास सुटला, दाणा पिवळा पडला. "बाईनं भट्टी लावलीच नाई! अन् मले म्हणते, बटन दाबलं होतं! घरी बसवलं म्या तिले."

बाई म्हणजे इंदूबाई. वाळवायच्या यंत्रावर त्याच असतात, आम्ही डबा बसवायच्याही आधीपासून.

सरांनी इथूनच डब्यात डोकावून पाहिलं. त्या दिवशी ओळ चाललेली दिसते, शेवटी शेरा — ठीक. सर म्हणाले, "डबा ठीक म्हणतो. म्हणजे ऑपरेटरची चूक."

मी म्हटलं, सर, ओळ चालली म्हणजे बाईंनी बटन दाबलं ना? मग त्या खोटं कुठं बोलल्या?

"बेसिक्स, प्रीती, बेसिक्स." यांच्याकडे एकच औषध आहे. सर्दीलाही तेच, सापालाही तेच.

१४ ऑक्टोबर

सापडलं!! सापडलं!!

रामटेकच्या बटनामागची ओळ (खरी इंग्रजीत आहे, मी मराठीत लिहिते) —

पंखा-चालू-का किंवा पंखा-लाव आणि भट्टी-लाव

लिहिणाऱ्याला म्हणायचं ते सरळ आहे: पंखा चालू असला तर बरं, नसला तर लाव, काही असो, त्यानंतर भट्टी लाव. जगातले बहुतेक शेल असंच वाचतात. त्यांच्याकडे 'आणि' अन् 'किंवा' सारख्याच मानाचे. डावीकडून जो आधी आला तो आधी बांधायचा. म्हणून झाडाच्या टोकावर 'आणि' बसतो. त्याच्या डाव्या हाताला 'किंवा', पंख्याच्या दोन्ही आज्ञा पोटात घेऊन. उजव्या हाताला भट्टी, सुटी.

आमचे सर मात्र सी नावाच्या कॉम्प्युटर-भाषेत वाढलेले. तिथं 'आणि'चा मान मोठा. सवयीनं त्यांनी इथंही तोच मान दिला. म्हणून आमच्या झाडात टोकावर 'किंवा', अन् भट्टी गेली त्याच्या पोटात, पंखा-लावच्या मागे. पंखा आधीच चालू असला की 'किंवा' म्हणतो, डावं जमलं, चला घरी! भट्टीकडे कोणी फिरकतच नाही. वर शेरा — ठीक.

पंखा बंद असला तर दोन्ही झाडं सारखीच चालतात. म्हणून इतके दिवस कळलं नाही. त्या दिवशी इंदूबाईंचा पंखा आधीच चालू असणार. पैज!

१५ ऑक्टोबर

सकाळी पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणजे आमच्या नंदनवन वस्तीतल्या अर्ध्या पोरांना मराठी व्याकरण पाजलेला माणूस. रिटायर झाले, पण वाक्यपृथक्करण सुटत नाही; लग्नपत्रिकेतही लाल पेन घेऊन बसतात.

तेच म्हणाले, "प्रीती, पोहे किंवा उपमा आणि चहा दे."

मी पोहे ठेवले अन् बसले. पप्पा वाट पाहून राहिले. "चहा?" मी म्हटलं, चहा उपम्यासोबत होता. तुम्ही पोहे घेतले, विषय संपला.

पप्पा हसले ना! पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा ठसका लागला. मग म्हणाले, "हे लेखकाचं नाही वं, वाचणाऱ्याचं चुकलं. पण बाईची नोकरी गेली त्यात. सांग जाऊन तुझ्या सरले."

चहा दिला. व्याकरणापुढे बाप मोठा.

१६ ऑक्टोबर

सांगितलं. फळ्यावर दोन्ही झाडं काढून.

"'आणि' नेहमी वरच्या मानाचा असतो."

सीमध्ये, सर. शेलमध्ये नाही.

"मी हे करून राहिलो होतो तेव्हा तू शाळेत होतीस."

हो सर, अन् शाळेत डावीकडून वाचायला शिकवलं मला.

हे शेवटचं बोलायला नको होतं. सरांनी फळा पुसला. माझी दोन्ही झाडं एकाच फडक्यात.

१७ ऑक्टोबर

सर बोलत नाहीत. मीही नाही. कॉफीचं मशीन मधे उभं असतं तेव्हा दोघंही त्याच्याशी बोलतो.

२४ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी संपायच्या आधी रामटेक गाठलं. बस, मग पायी. कोणाला न सांगता.

इंदूबाई अंगणात वाल निवडत होत्या. कंपनीची आहे म्हटल्यावर सूप बाजूला सरकवलं. बस म्हणाल्या नाहीत. मी आपली बसले.

विचारलं, त्या दिवशी पंखा आधीच चालू होता का?

"होता तं! म्याच लावला होता पायटेपासून. धानात भुसा लय होता, उडवून टाकाव म्हटलं. मंग बटन दाबलं. डब्यावर हिरवा लाइट लागला. हिरवा लागला म्हणजे झालं ना? तुमच्याच मानसानं शिकवलं मले."

मी म्हटलं, हो. झालं असं तोच म्हणाला. झालं मात्र नाही.

"मंग हे मालकाले काहून नाई सांगत कोनी? गावात लोकं म्हणते, इंदूबाई झोपली होती. म्या झोपतो का वं तठी?"

निघताना त्यांनी वालाच्या शेंगा दिल्या पिशवीभर. रागात दिल्या. न घेता उठायची सोय नव्हती.

२७ ऑक्टोबर

आज वाद घातला नाही. सरांचाच लॅपटॉप मागितला. त्यातला शेल उघडला — सरांचा नाही, जगाचा. ओळ लिहिली: हो किंवा 'अ' लिही आणि 'ब' लिही. 'हो' म्हणजे नेहमीच जमणारी आज्ञा. पडद्यावर आलं — ब.

तीच ओळ आमच्या डब्यात. पडद्यावर काहीच नाही. शेरा — ठीक.

सर बघत राहिले. परत चालवली. परत. मग उठून खाली गेले. मला वाटलं, गेली आपली नोकरी. मनात घरी सांगायची वाक्यं जुळवायला घेतली.

परत आले ते दोन चहा घेऊन. एक माझ्यापुढे ठेवला. "वामनरावांना फोन लाव. त्या बाईंनाही बोलवायला सांग. मी येतो."

बेसिक्स म्हणाले नाहीत!

३० ऑक्टोबर

रामटेक. मिलच्या शेडमध्ये आम्ही, वामनराव, दोन हमाल, अन् दाराशी इंदूबाई — आत यायला तयार नाहीत.

सरांनी आधी पंखा लावायला सांगितला. लागला. मग म्हणाले, "इंदूबाई, तुम्ही दाबा." त्या आल्या, पदर खोचला, बटन दाबलं. दणकून दाबलं! डब्यावर हिरवा. भट्टी थंडगार. वामनरावांनी वाकून आत पाहिलं, हात घालून पाहिला, परत हिरव्याकडे पाहिलं.

"मंग हा ठीक काहून म्हणते?"

सर म्हणाले, "माझ्या चुकीमुळे म्हणतो. बाईंची चूक नव्हती." एवढंच. कारणं नाहीत, सी भाषा नाही, बंगलोर नाही. मला वाटलं होतं हे ऐकताना लय मजा येईल. आली नाही, उलट सरांच्या झुकलेल्या मानेकडे बघवेना.

वामनराव बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग इंदूबाईंना म्हणाले, "उद्यापासून या."

"उद्या नाई येत. उद्या बाजार हाय. परवा येतो," असं म्हणून त्या निघाल्या. मालक बघतच राहिला. काय बाई आहे!

परत येताना गाडीत सरांनी विचारलं, "दुरुस्ती तू करतेस?"

हात लावू दिला कोडला!!

३ नोव्हेंबर

केली. एवढा तमाशा झाला अन् बदल म्हणाल तर मूठभर ओळींचा. 'आणि'चा जास्तीचा मान काढला, दोघांना एका पायरीवर बसवलं, डावीकडून बांधत गेले. झाडाचं चित्र मराठी नावं घालून पडद्यावर काढून पाहिलं: टोकावर 'आणि', भट्टी 'किंवा'च्या पोटातून बाहेर. इतकं सुंदर दिसत होतं की फोटो काढून पप्पांना पाठवला. पप्पांचं उत्तर: "छान. पण भट्टीवरचा अनुस्वार कशाला?" अनुस्वार नव्हता, पडद्यावरची धूळ होती.

रामटेकची ओळ चालवली, पंखा चालू ठेवून. भट्टी लागली! नव्या टेस्ट लिहिल्या, या वेळी बावळट नाहीत. सगळ्या पास.

४ नोव्हेंबर

सगळ्या गिरण्यांच्या डब्यांत नवा शेल पाठवला. 'पाठव'चं बटन सरांनी मला दाबू दिलं. संध्याकाळी ऑफिसात तर्रीपोहे. सरांनी भाषण केलं, मी टाळ्या वाजवल्या, आपल्याच नावाला! पोट फुटेस्तोवर खाल्लं.

८ नोव्हेंबर

इंदूबाईंचा फोन. "धान मस्त वाळून राहिला वं. हिरवा लागला तरी म्या वाकून पाहतो." वाका, म्हटलं. आमच्यावर विश्वास ठेवू नका.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी तुमसरहून फोन.

तिथल्या मिलमध्ये कोणीतरी आपली वेगळीच ओळ लिहून ठेवली होती. डबा ती रोज सकाळी आपोआप चालवतो: सफाईची-कळ-लावली-का किंवा पंखा-लाव आणि भट्टी-लाव. सरांच्या चुकीच्या झाडात ती नीट चालायची. कळ लावली असली की डबा तिथेच थांबायचा, भट्टीपर्यंत जायचाच नाही. माझ्या बिनचूक झाडात थांबला नाही; त्यानं भट्टी लावली.

गोविंदा नावाचा माणूस भट्टीत उतरून झाडत होता. कळ लावूनच उतरला होता.

जिवंत आहे. दोन्ही हात भाजले, कोपरापर्यंत.

सर अन् मी दवाखान्यात गेलो. त्याची बायको यमुताई बाहेर बाकावर, मांडीवर त्याची चप्पल घेऊन बसलेली. आमच्याकडे पाहून म्हणाली, "डब्यात काईतरी बदलवलं म्हणते. कोनं बदलवलं जी?"

सर पुढे झाले. मी त्यांचा हात धरून मागे ओढला.

म्हटलं, मी.