आईचा पोळपाट

विलेपार्ले (पूर्व)
१४ मार्च २०२५, धुळवड

चि. सौ. ऋता हिस,

आशीर्वाद लिहायला पेन उचललं आणि अडलं. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आता कुठल्या तोंडाने लिहू? तरी लिहिते, अनेक आशीर्वाद. श्यामकांतला फोन केला असता, पण भावाशी नाही, तुझ्याशीच बोलायचं आहे, आणि फोनवर मला रडू येईल.

इकडे सगळं ठीक. काल सोसायटीची होळी झकास पेटली. भाजलेल्या नारळाचा तुकडा माझ्याही वाट्याला आला. पोळ्या मात्र फाटल्या. तू लाटायचीस, मी भाजायची. एकटीच्या हातून पुरण बाहेरच येतं. नैवेद्य कसाबसा दाखवला.

आज सकाळी पोळ्यांचं ताट घेऊन मागच्या गावठाणात व्हिक्टर अंकलकडे गेले. दरवर्षी सेराफिना आंटी दारातच ताट घेतात. यंदा त्यांचा गुडघा धरलाय, म्हणून आत स्वयंपाकघरात बोलावलं. शुक्रवार, त्यात त्यांचे उपासाचे दिवस, मटण बंद. आंटी बसून बोंबील साफ करत होत्या. कशावर, ते लिहायचं मघापासून टाळते आहे.

आईच्या पोळपाटावर.

काठावरचा तव्याचा चटका तोच. मोडलेल्या पायाच्या जागी नवा पाय. मी तो चटका बोटाने चाचपून पाहिला. अंकल म्हणाले, "होळीच्या ढिगातून मीच उचलला ना. सागवान कोण जाळतं? तुला विचारलं पण होतं, एक नग घेऊ काय. तू न बघताच बोलली, घ्या अंकल, काय पाहिजे ते."

बोलले होते गं. लख्ख आठवलं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या होळीला मोडकी फळकुटं गोणीत भरली ती मीच. दुरुस्तीला काढलेला पोळपाट त्यातच गेला.

आणि महिन्याभराने वर्षश्राद्धाला, सगळ्यांदेखत, मी तुला म्हणाले की आईची वस्तू न्यायची तर विचारून न्यावी. तू तशीच उठलीस. मुलुंडला गेलीस ती पुन्हा या घराची पायरी चढली नाहीस.

तू नेला नव्हतास, ऋता. चूक माझी होती. वस्तू सापडल्याचा आनंद आहेच, पण तू निर्दोष आहेस हे कळलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. लाज वाटते ती वेगळी.

आंटींनी पोळपाट लगेच देऊन टाकला. होळीच्या राखेने दोनदा घासला, उन्हात ठेवला, तरी बोंबलाचा वास येतोच आहे. सोवळ्यात पोळ्या लाटणारी आपली आई वर बसून बोंब मारत असेल. मारू दे, शिमगाच आहे.

बुधवारी रंगपंचमी. मी पुरण शिजवून ठेवते. लाटायला येशील? नाही आलीस तरी रागावणार नाही, तेवढा हक्क मी गमावला आहे.

चिडवायला तू मला हाक मारायचीस, ती अजून चालणार असेल तर,

तुझी वन्सं,
शुभा