अंगावरचा उजेड

भंडारा,
१२ जानेवारी १९८६

प्रिय गोदा,

पाकिटावर मुद्दाम तुझंच नाव घातलं आहे, तुझ्या मुलाचं, ईश्वरचं नाही. त्याला सांग, हे त्याच्या आईला आलेलं पत्र आहे. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. धानाची चुरणी-मळणी आटोपली असेल तर दुपारी मागच्या पडवीत बसून वाच. आसगावात तू रमलीस, असं परवा पवनीहून आलेल्या उषाबाई सांगत होत्या. सुनेशी पटतं का विचारलं, तर म्हणाल्या, गोदावरीचं कोणाशी पटत नाही, लोकांचंच तिच्याशी पटतं. मी खूप हसले. इथे तुझ्या तोंडचं ऐकायला मिळत नाही आता.

आधी बातमी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझं मन तिकडे धावणार नाही. माझ्या डाव्या स्तनात गाठ आहे. साधी नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की स्तन पूर्ण काढावा लागेल, काखेपर्यंत. महिनाअखेरीला दाखल व्हायचं आहे. जिवाला धोका आहे का विचारलं, तर ते म्हणाले, वेळेवर आलात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘जाऊ दे वं, तुले का आता कोणाले पाजाचं हाय?’ तिने ते धीर द्यायलाच म्हटलं. मला वाईट वाटलं नाही, असं मी डायरीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं.

तेव्हापासून मी माडीवर जास्त वेळ बसते. तुला माडी आठवते ना? चौऱ्याहत्तर साली तू पहिल्यांदा तिथे आलीस. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, त्यांचा फोटो स्टुडिओ मी सांभाळत होते, आणि बाई फोटो काढते म्हणजे काय करते हे बघायलाच लोक जास्त येत. तू मागच्या ओसरीतल्या तुझ्या मागावरून उठून आली होतीस, भिलाईला नवऱ्याकडे पाठवायचा फोटो न्यायला. हातात घेतलास, उलटासुलटा केलास आणि म्हणालीस, ‘बराबर आला हाय वं. पण याच्यात लुगडं हाय. मी कुठं हाव?’ मी हसण्यावारी नेलं. मग न राहवून तुला नागपूरच्या चित्रकलेच्या वर्गातली गोष्ट सांगितली, की तिथे एक प्रौढ बाई कपड्यांशिवाय बसायची आणि आम्ही तिला काढायचो. वर्गात पुरुष होते का, हे तू विचारलंस. होते म्हटल्यावर तू डोळे मोठे केलेस. ‘अन् ते बाई मरून नाही गेली?’ नाही, मी म्हटलं, ती मधल्या सुट्टीत चहा प्यायची आणि आमच्या कागदांवरची आपली नाकं बघून आम्हाला शिव्या द्यायची. तू फोटो घेऊन निघालीस. दारातून परत वळलीस आणि म्हणालीस, ‘मंग काढ माया तसा फोटो.’ तू पस्तिशीची होतीस, दोन मुलांची आई, आणि कोणाच्या सांगण्यावरून काही करणाऱ्यातली नव्हतीस. तरी या बाबतीत मी स्वतःला अजून पुरतं निर्दोष सोडलेलं नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

उजेडाची व्यवस्था तेव्हा होती तशीच आहे. छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर मी साध्या मातीच्या कवेलूंच्या जागी काचेची घातली होती. त्यांच्याखाली तुझ्याच मागावरचं पांढरं धोतर ताणून बांधायचं, म्हणजे वरून येणारा उजेड गाळून येतो, अंगावर कुठे एकदम पडत नाही, पसरतो. खिडकी अर्धी उघडायची. तिचा उजेड एका बाजूने आला, की पाठीचा कणा, खांद्याचं हाड, कमरेचं वळण आपोआप दिसायला लागतं. समोरून उजेड टाकला तर अंग सपाट होतं, पिठाच्या गोळ्यासारखं. मग राहते अंधारातली बाजू. ती पुरती काळी होऊ नये म्हणून तिकडे पितळेची परात टेकवून ठेवायची. पहिला रोल त्या परातीनेच घालवला होता. आपल्या गावात पितळ काळवंडलेलं दिसणं म्हणजे घराची अब्रू गेली. मी परात माडीवर नेली हे आईने पाहिलं आणि कोणी पाहुणे येणार असतील म्हणून चिंचेने लख्ख घासून ठेवली. तुझ्या कमरेवर प्रत्येक फोटोत पांढरा जळका डाग! त्यानंतर मी परात महिनाभर पोत्याखाली लपवून मळकट होऊ दिली, आणि आई ती शोधत शेजारणींवर संशय घेत राहिली. मळक्या परातीचा उजेड मऊ पडतो. खिडकीपेक्षा ती थोडी मागे ठेवायची आणि हळूहळू वळवायची. सावलीतलं कातडं दिसू लागलं, की थांबायचं.

उभं कसं राहायचं हे मला शिकवता येत नव्हतं, ते आपण दोघींनी मिळून शोधलं. पहिली गोष्ट कळली ती नाडीची. परकराच्या नाडीचा आणि चोळीच्या गाठीचा वळ अंगावर तासभर राहतो, आणि कॅमेरा तो वळच आधी बघतो. म्हणून आधी सैल धोतर गुंडाळून शेगडीजवळ बसायचं, गप्पा मारायच्या, चहा घ्यायचा. थंडीत शेगडी नसली तर अंगावर काटा येतो आणि खांदे कानाशी जातात. मग उभं राहिल्यावर सगळा भार एका पायावर. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवला, की माणूस शाळेच्या प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा दिसतो. श्वास धरायचा नाही, सोडायचा, आणि सोडून झाला की बटण दाबायचं. ‘पोज दे’ म्हटलं की तू लाकूड व्हायचीस. मग मी म्हणायला लागले, माग लांब आहे समज, तुटलेला धागा गाठायचा आहे. तुझा हात जायचा, पाठ उघडायची, आणि पंधरा वर्षं माग ओढलेल्या त्या पाठीवर उजेड असा उतरायचा, की मी बटण दाबायचं विसरायची. ‘काढून राहिली का झोपली, मास्तरीणबाई?’ असं तू भिंतीकडे तोंड करून ओरडायचीस.

मी तुला विचारलं होतं, लाज कशी वाटत नाही. तू म्हणालीस, तुझा हा कॅमेऱ्याचा डबा असा की पाहायला मान खाली घालावी लागते. माझ्याकडे टक लावून बघत कोणी नाही, मग लाजायचं कोणाला? ते खरं होतं. बाबांच्या त्या जुन्या कॅमेऱ्यात वरून खाली काचेत बघतात. एकदा तूही डोकावलीस आणि किंचाळलीस, कारण मी डावीकडे सरकले तर काचेतली मी उजवीकडे गेले. त्याची सवय होते. सरकायला सांगताना उलटं बोलायचं, एवढंच.

तुझी एकच अट होती, ओळखू येता कामा नये. मी चेहरा वळवला आणि निश्चिंत झाले. तूच डाव्या हाताकडे बोट केलंस. कोपरापासून मनगटापर्यंत गोंदलेली तुळस. ‘तोंड कोण पाह्यते वं? घाटावर बाया मले हातावरून वळखतेत.’ तेव्हापासून डावा हात नेहमी सावलीत. परात कशी वळवायची हे पुढची सगळी वर्षं त्या तुळशीने ठरवलं. प्रत्येक रोल धुतल्यावर तू पट्टी उजेडाला धरून बघायचीस आणि नको ती चित्रं माझ्याच कात्रीने कापून चुलीत टाकायचीस. त्यातली दोन मला हवी होती. मी तसं म्हटलं नाही, आणि म्हटलं नाही याचा मला आजही आनंद आहे.

झाडीपट्टीच्या नाटकातल्या ललिताबाई एका हंगामात येऊन गेल्या, आठवतात? त्या स्वतः म्हणाल्या, ‘माये बी फोटो काढा.’ देखण्या, उंच, अंगाची काही भीडभाड नाही. पण धोतर सोडताक्षणी त्या स्टेजवर गेल्या. मान, हात, कंबर, सगळं समोरच्या हजार माणसांसाठी. संपूर्ण उघड्या असून त्यांनी अंगावरचं काही काढलंच नव्हतं. तेव्हा मला वाटलं, फोटो उजेडाने होत नाही, कोणी बघतंय हे विसरण्याने होतो.

आता ते राहिलेलं. ओसरी आमची होती, माग तुझा होता. तू मला नाही म्हणू शकत होतीस का? हे मी डायरीत इतक्या वेळा लिहिलं आहे, की वाचणाऱ्याला कंटाळा येईल. एका पावसाळ्यात तू माडीचा जिना अर्धा चढलीस, म्हणालीस, ‘आज मन नाही,’ आणि उतरून मागावर जाऊन बसलीस. खालून खटखट सुरू झाली. मी शेगडी विझवली. त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याही चांगल्या फोटोने वाटलं नव्हतं. पण अजून एक प्रश्न आहे, आणि तो या महिन्यात सुचला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना उभं केलं. स्वतः कधी उभी राहिले नाही. मला वाटायचं, मी फक्त उजेड बघते. स्वतःचं अंग मी नीट पाहिलंच नव्हतं, गोदा. चव्वेचाळीस वर्षं ते साडीखाली होतं आणि मी कॅमेऱ्यामागे. आता त्यातला एक भाग जाणार, तेव्हा वाटतं, ओळख तरी व्हायला हवी होती.

म्हणून गेल्या आठवड्यात मी एकटीने प्रयत्न केला. धोतर ताणलं, शेगडी पेटवली, कॅमेऱ्याची कळ लावून आपोआप बटण पडेल अशी सोय केली. रोल धुतला. सगळ्या फोटोंत एक बाई आहे, जिला डॉक्टरने ब्लाऊज काढायला सांगितलं आहे. कुठल्या फोटोत तिचे डोळे परातीकडे, कुठल्यात कॅमेऱ्याच्या कळीकडे. उजेड बरोबर आहे. त्यात काही चूक नाही. विसरायला मात्र कोणीतरी समोर असावं लागतं. नागपूरच्या टेकचंदला बोलावलं असतं, तो माझ्यापेक्षा चांगला फोटोग्राफर आहे, सज्जनही आहे. पण तो कधी धोतर सोडून त्या खिडकीजवळ उभा राहिलेला नाही.

गोदा, परात आणि नाडी आणि एका पायावरचा भार हे सगळं इतकं बारीक लिहिलं ते जुन्या आठवणी काढायला नाही. तुला हे करता यावं म्हणून लिहिलं. शनिवारी पवनीच्या पहिल्या गाडीने येशील? कॅमेऱ्याचे आकडे मी आधीच लावून ठेवीन, तुला फक्त काचेत बघायचं आणि श्वास सुटला की बटण दाबायचं. दोन्ही स्तन, सुरकुत्या, पोट, जे आहे ते येऊ दे. चेहराही घे. फोटो हलला, काळा आला तरी चालेल, मला तो कुठे लावायचा नाही. आणि मन नसेल तर नको येऊस. दोन ओळी लिही, कारण लिहू नकोस, मी त्यानंतरही तुझीच राहीन. पण आलीस, तर तू सांगशील तशी उभी राहीन.

तुझीच,
कौशल्या