आईला वाचून दाखवलेले खोटे भाव

आई, आज दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये एका बाईंनी मला विचारलं, "मॅडम, हा छोट्या कंपनीचा शेअर वर्षभर दोनशे दिवसांच्या रेषेखाली पडून आहे. ठेवू की विकू?" तू गेल्यानंतरची गोष्ट ही, म्हणून तुला माहीत नाही. दर शनिवारी मी इथल्या बायकांना शेअर बाजार शिकवते. पंधरा-सोळाजणी येतात. प्रत्येकीच्या हातात मोबाइल आणि त्यात ती रेषा आयती आखलेली. मी त्या बाईंना म्हटलं, महिनाभर ही रेषा हाताने काढा, मग आपण बोलू. त्यांना ते फारसं आवडलं नाही. मलाही तू पहिल्यांदा असंच सांगितलं होतंस तेव्हा आवडलं नव्हतं. घरी आल्यापासून तुझ्याशीच बोलत बसले आहे, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं.

आगाशीच्या घरात संध्याकाळी कुकर चढवला की तू टेबल पुसून कोरडं करायचीस आणि आलेखाची वही उघडायचीस. पेपरातला बाजार बंद होतानाचा भाव दोनशे दिवसांच्या बेरजेत घ्यायचा, दोनशे दिवसांपूर्वीचा बाहेर काढायचा, बेरजेला दोनशेने भागायचं. भावाचा ठिपका निळा, सरासरीचा लाल. लाल ठिपके जोडले की ती रेषा व्हायची. भाव तिच्या वर असला की घेणारे आशेवर आहेत असं समजायचं, खाली असला की लोक दमलेत. शेअर एकच. वसई पूर्वेला ज्या व्हॉल्व्हच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये तू सव्वीस वर्षं काढलीस, त्याचा. निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीतला मोठा भाग तू त्यात घातलास. बाबा तेव्हा नव्हते, अडवणारं कुणी नव्हतं. मी नुकतीच एका ब्रोकरच्या ऑफिसात लागले होते आणि आईला अक्कल शिकवायच्या वयात होते.

एके दिवशी भाव रेषेखाली उतरला. आठवडाभर वाट पाहून मी म्हटलं, "आई, नियम सांगतो, विकून बाहेर पड."

"नियम बरोबर आहे," तू म्हणालीस. "चप्पल घाल."

मला वाटलं बाजारात जायचंय. तू मला बसने विरारला आणि तिथून पुढे थेट वसईला कारखान्याच्या गेटवर नेलंस. मी वाटभर कुरकुरत होते. गेटवरचा म्हातारा वॉचमन मिठागराकडच्या गावातला. तुला बघून उठून उभा राहिला. "बाई, तुमी? बसा, पानी आनतो." तू बसली नाहीस. दुसरी पाळी चालू आहे का एवढंच विचारलंस. "चालू म्हंजे काय, भट्टी रविवारी पन थांबत नाय," तो म्हणाला. तू त्याच्या सुनेची चौकशी केलीस, पिशवीतली सहा केळी त्याला दिलीस आणि आपण निघालो. परतताना बसमध्ये तू म्हणालीस, "रेषा खोटं बोलत नाही गं. पण ती मागचं बोलते. आज आत काय चाललंय ते तिला उशिरा कळतं. म्हणून ती वाकडी झाली की घाबरायचं नाही, उठून बघायला जायचं." चार महिन्यांनी भाव रेषेच्या वर गेला. मी ऑफिसातून धावत आले तर तू फक्त "बरं" म्हणालीस आणि कढीला फोडणी दिलीस.

मग कितीतरी वर्षं गेली आणि साखरेने तुझे डोळे खाल्ले. आधी ठिपके दिसेनासे झाले, मग पेपरातली अक्षरं, मग माझा चेहरा. वही माझ्याकडे आली. मी पलंगाशी स्टुलावर बसून भाव सांगायचे, बेरीज-वजाबाकी तू तोंडी करायचीस. दोनशेने भागताना तुझे ओठ हलायचे. "लाल लाव," म्हणालीस की मी लाल लावायचे. तू बोट कागदावरून हळूहळू फिरवायचीस, जणू पेन्सिलीचा उठाव तुला लागतोय.

त्याच काळात तो शेअर खरोखरच घसरायला लागला. ऑर्डरी दुसरीकडे गेल्या होत्या. भाव रेषेखाली होताच, आता रेषासुद्धा रोज थोडी थोडी खाली वाकत होती. एका संध्याकाळी भाव एकाच दिवसात इतका पडला, की तो मला तोंडाने उच्चारवेना. त्या दिवशी तू दोन घास कसेबसे खाल्ले होतेस. मी कालचाच भाव सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आठ आणे वाढवले. वाईट याचं वाटतं की ते सोपं गेलं. तुझा चेहरा किंचित सैल व्हायचा आणि मी उद्यासाठी नवा भाव ठरवून ठेवायचे. खरे भाव मी ऑफिसच्या डायरीत लिहीत होते. एका घरात त्या शेअरचे दोन आलेख झाले. तुझ्या आलेखात भाव रेषेच्या जवळ येत चालला होता. रेषा ओलांडू द्यायची हिंमत मात्र मला झाली नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी मी भाव सांगितला आणि तू बेरीज केलीच नाहीस.

"एकदाही पडला नाही?" तू विचारलंस.

"नाही."

"पंधरा वर्षं मी याला बघतेय. चार दिवस सलग चढलेला मला आठवत नाही. हा असा शहाण्यासारखा जिना चढतोय, ते कुणाच्या सांगण्यावरून?"

बाहेर शेजारी वाडीला पाणी लावत होते, त्यांच्या मोटारीचा आवाज येत होता.

"पडलाय तर पडलाय म्हणून सांग," तू म्हणालीस. आवाज चढला नव्हता. "चढलेल्याला काय, कुणीही सांभाळेल. डोकं चालवायचं ते पडलेल्यासाठी. ते तरी माझं मला करू दे." आणि मग थांबून, "डॉक्टरांचे रिपोर्टही असेच वाचून दाखवतेस का मला?"

आई, त्या प्रश्नाची मला कल्पना नव्हती. मी रडले. तू माझा हात शोधत होतीस आणि तो तुझ्या हाताला लागेपर्यंतही मला धीर धरवला नाही. मी सगळं सांगितलं. मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत, डायलिसिस सुरू करावं लागेल, आठवड्यातून दोनदा तरी जावं लागेल. तू शांतपणे ऐकलंस. सुई किती जाड असते, एका वेळी किती तास लागतात, तिथे बसून रेडिओ ऐकता येईल का, असं एकेक विचारत गेलीस. मी ज्या गोष्टीला इतकी भीत होते, ती तू एखाद्या नव्या नोकरीची वेळ विचारावी तशी विचारत होतीस. शेवटी म्हणालीस, "आता खरा भाव सांग." मी डायरी काढली आणि त्या सगळ्या दिवसांचे खरे भाव वाचले. तू ते एकेक करून बेरजेत घेतलेस, माझे खोटे सगळे बाहेर काढलेस. कुकर थंड होऊन गेला होता तरी आपण उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला एकटीला गेटवर पाठवलंस. वॉचमन नवा होता, पण चहावाला जुना. तो म्हणाला, दुसरी पाळी कधीच बंद झाली, भट्टी आठवड्यातून दोनदा पेटते, आत पूर्वीच्या निम्मे चहाही जात नाहीत. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तुला हे सहन होणार नाही असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, "मग उद्या विकून टाक सगळे."

"सगळे? तुझी कंपनी आहे ती."

"माझी माणसं होती तिथे. ती गेली निवृत्त होऊन. रेषाही खाली चाललीय आणि गेटवरही तेच सांगतायत. आता मी काय बघून थांबू?"

पैसे बरेच कमी आले. त्यातून पहिला खर्च तू डायलिसिसचा केला नाहीस. मला एक हातांची खुर्ची आणायला लावलीस, पाठ टेकता येईल अशी. "त्या स्टुलावरून उठताना तू कण्हतेस. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं." त्या खुर्चीत बसून मी तुला पुढचं दीड वर्ष पेपर वाचून दाखवला. बातम्या, भाव, निधनवार्ता, जे छापलं असेल ते. एक अक्षर बदललं नाही.

तू गेल्यावर तो शेअर आणखी निम्मा झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी कारखाना दुसऱ्या कुणी घेतला आणि भाव तुझ्या विकलेल्या किमतीच्या वर गेला. वर्गातल्या बायकांना मी हे दोन्ही सांगते. त्या विचारतात, मग आई चुकली की बरोबर होती? मी म्हणते, त्या दिवशी जेवढं खरं माहीत होतं, तेवढ्यावर तिने ठरवलं. याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी घालून कपाटात राहील. म्हणून एवढं लिहिते. त्या संध्याकाळी रडणं थांबल्यावर तू मला विचारलं होतंस, डॉक्टर हे कधी म्हणाले. मी म्हटलं, आज सकाळी. आई, त्याला तेव्हा वीस दिवस झाले होते.