हासेलराइटच्या झाडावरचा नाच

८ जून, रविवार
ठरलं. यंदा हासेलराइट गावचा तो प्रचंड जुना लिंडन वृक्ष बघायचाच. नुसता बघायचा नाही, ऑगस्टच्या जत्रेत वर चढून रोझविटाबरोबर नाचायचं. फांद्यांच्या मधोमध लाकडी मंच बांधलाय, खोडाला लागून जिना आहे, वाजंत्रीसुद्धा वरच बसतात. लग्नानंतर तिला शब्द दिला होता, पुढच्या वर्षी नक्की. मधली एकतीस वर्षं कशी गेली कळलं नाही. झाड टेकडीपलीकडेच आहे, कुठे पळून जातंय? रोझविटा दर वर्षी चर्चच्या गायकमंडळाबरोबर जाते आणि खाली बसून बघते. माझ्याशिवाय वर चढणार नाही म्हणते. हट्टी आहे.

१५ जून, रविवार
चेरी पिकल्या. रोझविटा शिडीवर, मी खाली टोपली धरून. कोणीतरी खाली लागतंच. ती म्हणाली, लोथार, एकदा तू चढून बघ, सराव होईल. मी म्हटलं, शिडी डगमगते. ती म्हणाली, नवी आहे. नव्या लाकडाचा काय भरवसा?

२ जुलै, बुधवार
गॅरेजमध्ये झाडू घेऊन नाचाचा सराव. उत्तम! पाय अजून विसरलेले नाहीत. गिरकी घेतली तर दारात शेजारचा वेंडेलिन उभा. म्हणाला, जमिनीवर छान नाचतोस रे. खोचक माणूस. कुंपण वाढवायला हवं.

२० जुलै, रविवार
सायकलवरून टेहळणीला निघालो. टेकडीवर वाटेतच बिअर गार्डन. डुकराचं भाजलेलं मांस, दोन डम्पलिंग, बिअर. (दुसरी बिअर मालकाच्या आग्रहाखातर.) लिंडनचा शेंडा तिथूनच दिसला बहुतेक. म्हणजे बघितल्यासारखंच. परत आलो.

९ ऑगस्ट, शनिवार
छपराची पन्हळ तुंबली. वेंडेलिन चढला, मी सूचना दिल्या. मग सहज मनात आलं, एवढ्या म्हाताऱ्या झाडावर माझ्यासारख्या वजनदार माणसाने चढणं हा झाडावर अन्याय नाही का? जेवताना रोझविटाला सांगितलं. तिने उठून एक खोकं आणलं. नाचाचे बूट. माझ्या मापाचे.

२३ ऑगस्ट, शनिवार
उद्यापासून जत्रा. वेंडेलिन म्हणतो, जपून. सोमवारी हासेलराइटवाले झाडावरून गावाच्या वर्षभराच्या फजित्या यमकं जुळवून वाचतात. ठाऊक आहे! पण नावं फक्त त्यांच्या स्वतःच्या गावच्यांची घेतात. पाहुण्यांना मान असतो.

२४ ऑगस्ट, रविवार
गेलो. बूट घातले. रोझविटा पुढे, सरसर वर. मी मागे. तिसऱ्या पायरीवर गुडघ्याने दगा दिला. शेजारीच खोड होतं, ते धरलं. घट्ट. माझ्या मागे भला मोठा पितळी ट्यूबा गळ्यात अडकवलेला वाजंत्री, त्याच्या मागे अख्खं हासेलराइट. कोणी ओरडलं, अहो काका, वर जाताय की इथेच राहायला आलात? कोणी म्हणालं, अग्निशमनवाल्यांना बोलवा. बोलवायची गरज नव्हती, ते बिअर पीत तिथेच बसले होते.

रोझविटा खाली आली. माझ्या शेजारी पायरीवर बसली. म्हणाली, तुला उंचीची भीती वाटते हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, गुडघा आहे. बरं, गुडघा तर गुडघा, म्हणाली, पाय तरी हलव.

ट्यूबावाल्याने कंटाळून तिथूनच वाजवायला सुरुवात केली. वरून बाकीच्यांनी साथ धरली. आम्ही बसल्याबसल्या पाय हलवले. तिने माझा हात धरला होता. मला फार बरं वाटलं. नाचलो, ही नोंद इथे करून ठेवतो.

मग अग्निशमनवाल्यांनी मला उतरवलं आणि रोझविटा वर गेली. त्यांच्या प्रमुखाबरोबर चार नाच झाले. एकतीस वर्षांचा अनुशेष आहे म्हणाली.

२५ ऑगस्ट, सोमवार
पाहुण्यांना मान वगैरे काही नाही. पाद्रीबुवांच्या निसटलेल्या डुकरानंतर लगेच माझा नंबर. टेकडीपलीकडचा लोथार जिन्यात बुचासारखा बसला, असं काहीतरी. यमक वाईट. लोक हसून लोळले. सगळ्यात जोरात रोझविटा, वरून.

घरी येताना तिने विचारलं, झाड कसं वाटलं शेवटी? अर्धा तास नाक खोडाला टेकवून होतो, इतक्या जवळून ते कोणीच पाहिलं नसेल, असं सांगणार होतो. पण तिने माझ्याकडे बघितलं.

डोळे मिटलेले होते, म्हटलं.