सर्व शाखा सुरळीत

नाशिक,
मंगळवार, १८ जानेवारी २००५

तीर्थरूप निवृत्ती दाजी यांना गोरक्षचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? ताई फोनवर म्हणाली की तेल रोज लावून घेता, पण बैलगाडीचं जू उचलायचं काही सोडत नाही. इकडे आई बरी आहे, थंडीने गुडघे धरलेत एवढंच. पत्र लिहायला तसं खास कारण नाही. मेलच केली असती, पण तुमची मेल निकिता साऱ्या घराला मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून टपाल बरं.

तुम्ही पतसंस्थेचे संचालक आणि मी तिथला कम्प्युटरवाला (तुमच्याच शब्दावर लागलो, हे विसरलेलो नाही), तरी मी दिवसभर करतो काय हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सांगतोच. लासलगाव, सुरगाणा आणि तुमचं कळवण या शाखा फोनच्या तारेने नाशिकच्या ऑफिसला जोडलेल्या आहेत. मी एक छोटा प्रोग्राम बसवला, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. ती दर पाच मिनिटांनी प्रत्येक शाखेला 'आहेस का?' असं विचारते. उत्तर आलं तर गप्प बसते, नाही आलं तर मेल पाठवते. इंटरनेटवर फुकट मिळालेली ही स्क्रिप्ट सुरुवातीला फक्त दीपकला (आमचा तारा जोडणारा माणूस, मूळचा सुरगाण्याचा, मिळेल त्या जीपला लटकून कुठेही पोचतो) एका ओळीची कोरडी मेल पाठवायची. दीपक जायचा, जोडून यायचा. कुणाला पत्ता लागत नसे.

अशी एक मेल अध्यक्ष धोंडीराम अण्णांच्या नजरेस पडली आणि त्यांचा पारा चढला. "शाखा बंद पडती अन् अध्यक्षाला सांगायच्या आधी दीपकला सांगता?" मग अण्णांचं नाव पहिलं घातलं. ते पाहून उपाध्यक्ष रुसले. त्यांचं घातलं, मग सगळे संचालक, मग माजी संचालक, मग अण्णांचे जावई (त्यांचा संस्थेशी काही संबंध नाही, पण जावई आहेत). लग्नपत्रिकेत नावं छापताना जी कसरत होते ती सगळी मी स्क्रिप्टमध्ये केली. मोठ्यांना आधी, धाकट्यांना नंतर, आणि वरच्याची मेल गेल्याशिवाय खालच्याची निघणार नाही. तुमचं नाव चौथं होतं, ते तिसरं करावं असा निरोप ताईकरवी आला, तेही केलं. दीपक सर्वांत शेवटी गेला.

मग लासलगावला कांद्याच्या एका ट्रॅक्टरने तार ओढून नेली. मेल मानाप्रमाणे निघाली. अण्णांनी सर्वांना उत्तर पाठवलं, 'कळले. योग्य ती कार्यवाही व्हावी.' त्यावर उपाध्यक्षांनी सर्वांना 'सहमत' कळवलं. माजी संचालकांनी आपल्या काळात तारा कशा मजबूत असत ते लिहिलं. जावयांनी संक्रांतीच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या, सोबत तिळगुळाचा मोठा फोटो. एवढ्या मेलांनी आमच्या ऑफिसची लाइन तुंबली. लाइन तुंबल्यामुळे स्क्रिप्टला एकाही शाखेचं उत्तर येईना, तेव्हा सगळ्याच शाखा बंद पडल्याचं तिने पुन्हा सर्वांना मानाप्रमाणे कळवलं. त्यालाही उत्तरं आली. दीपक फोनवर कळून कधीच लासलगावला गेला होता. परत आला तेव्हा त्याची मेल येत होती. "सायेब, मी तं तार जोडून पन आलो, अन् सांगावा आता येतोय व्हय?"

तेव्हा मी अक्कल चालवली. खरी मेल फक्त दीपकला. मानाच्या यादीला रोज सकाळी अण्णांपासून जावयांपर्यंत एक गोड मेल, 'आपल्या आशीर्वादाने सर्व शाखा सुरळीत' (हे वाक्य स्क्रिप्ट शाखांना न विचारताच लिहिते). सगळे खूश झाले. अण्णा इतके खूश झाले की परवा म्हणाले, "सगळं जर आपोआप सुरळीत चालतंय, तर या पोराला ठेवायचं कशाला?" येत्या सोमवारच्या मीटिंगला हा विषय ठेवला आहे. विषयपत्रिका टाइप करायचं काम माझ्याकडेच होतं.

दाजी, मला भीती वाटते. तृप्तीच्या घरच्यांनी नोकरी पाहून होकार दिला आहे. आणि मला ती फार आवडते, हे मी अजून ताईलाही बोललेलो नाही. असो. माझं रडगाणं मनावर घेऊ नका, कंबर सांभाळा, ताईला नमस्कार, निकिताला अभ्यासाला बसवा.

तुमचा,
गोरक्ष

ता.क. एक बारीकसं काम होतं. शनिवारी जमलं तर कळवण शाखेतल्या कम्प्युटरमागची निळी वायर हळूच काढून ठेवाल का? सोमवारी मीटिंगमध्ये शाखा बंद पडल्याबद्दल माझ्यावर जरा ओरडा. मी तिथूनच पळत सुटेन आणि संध्याकाळपर्यंत जोडून देईन. बाकीच्यांना माझी गरज पटेल. पत्र वाचून चुलीत घाला.

ता.क. २. वायर काढू नका. पाकीट चिकटवण्याआधी सहज दीपकचा कम्प्युटर उघडला. तो भावाच्या लग्नाला गावी गेला आहे आणि खऱ्या मेल त्याच्याकडेच जातात, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. कळवण शाखा गेल्या गुरुवारपासून बंदच आहे. तिथे काउंटरवर बसणाऱ्या यशोदाबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "बंद हाय व्हय? मला वाटलं तुम्हीच ठेवलंय. मी आपली हातानं पावत्या फाडते, लय झटपट होतंय." कुणाचीच तक्रार नाही. तुम्हाला मात्र सुरळीतची मेल रोज मिळते आहे, आणि काल तिला तुमचं 'वाचून आनंद झाला' असं उत्तरही आलं. शाखा तुमच्या घरासमोरच आहे. दाजी, तृप्तीसाठी म्हणून सोमवारच्या आत एकदा रस्ता ओलांडून आत डोकावा, एवढीच विनंती.